मानमोडीच्या वर्षीची पहिली पंगत

परवा लोणावळ्याला एका सभेला मला नेऊन बसवलं. जुनी माणसं हवी होती म्हणे. केळीचे खांब मिळाले नसतील. एक गृहस्थ उठले, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "साथीच्या त्या भीषण काळात आपल्या सेवाभावी संस्थांनी स्वतःला परिस्थितीनुरूप बदललं." टाळ्या पडल्या. शेजारचा वाजवत होता म्हणून मीही दोन वाजवल्या. पण मळवलीला उतरून घरी चालत येईपर्यंत ते वाक्य दातात अडकलेल्या सुपारीसारखं टोचत राहिलं. संस्था बदलल्या! कशा बदलल्या ते या डोळ्यांनी पाहिलंय, आणि एकीला तर याच खांद्यानं बदललंय.

मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो. तिसरीत मास्तरांनी छडी उगारली, ती मी हिसकावून गुडघ्यावर मोडली आणि शाळा संपली. यात शाळेचं नुकसान झालं असं मी धरून चालतो. तेव्हा माझ्या लिहिण्यातलं व्याकरण कुणी काढत बसू नये.

पहिली मोठी लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मी पंचविशीत होतो. पावसानं त्या साली मावळाला पाठ दाखवली होती, भात अर्धं पोचट, आणि जे भरलं होतं ते पिवळं होऊन शेतात उभं, कारण कापायला माणूस उभं नव्हतं. मानमोडी आली होती. सकाळी माणूस बैल घेऊन निघायचा आणि दुपारी बैल एकटे घरी यायचे. ताप असा की मान धरवत नसे, म्हणून ते नाव. घराघरांत सगळे एका ओळीनं आडवे, पाणी द्यायला कुणी नाही. आमच्या घरी आई आणि बायको दोघी पडल्या होत्या. मला ताप एक दिवस येऊन गेला. माझ्याशी त्याचं जमलं नसावं.

सगळ्यात आधी बदललं ते लोणावळ्याच्या शिकलेल्या मंडळींचं व्याख्यान मंडळ. दर साली उन्हाळ्यात बंगलेवाले आले की त्यांची व्याख्यानं असत. साथ आली तशी त्यांनी पाटी उतरवून नवी लावली, 'साथनिवारण सेवा मंडळ'. पाटी नवी, खुर्च्या त्याच. मग ते आमच्या गावाला सेवा करायला आले. मळवलीपर्यंत आगगाडीनं, पुढं छकड्यात. आदल्या दिवशी दवंडी पिटवली होती की जो जो उभा राहू शकतो त्यानं देवळापुढं जमावं. जमलो. खोकत, एकमेकांच्या खांद्याला धरून जमलो. त्यांच्या पुढारी वकिलानं नाकाला निलगिरीचा रुमाल लावला आणि घटकाभर व्याख्यान दिलं. विषय होता, गर्दी करू नका.

माझ्याशेजारी उभा असलेला माझा चुलतभाऊ म्हणाला, "मंग हितं बोलावलं कशाला?"

मी म्हटलं, "गर्दी केल्याबिगर गर्दी करू नगा, हे कळायचं कसं तुला?"

वकिलानं ते ऐकलं आणि माझ्याकडं असं पाहिलं जसं मीच मानमोडी आणली. जाताना ते सांगून गेले की मंडळातर्फे घोंगड्या येतील. आल्या. चैत्रात आल्या. आम्ही अंगणात उघड्यावर झोपत होतो तेव्हा.

आता आमच्या गावची संस्था. तिला संस्था म्हणत नसत, उत्सव मंडळी म्हणत. भैरोबाच्या जत्रेला भंडारा घालायचा, हे तिचं काम. देवाचा हंडा एवढा मोठा की आत उतरून घासावा लागे, आणि देवाचं कोठार वेगळं. प्रत्येक घर सुगीला त्यात आपला वाटा टाकायचं. त्या वर्षी सगळ्यांच्या कणग्या रिकाम्या, नवं भात शेतात, आणि जुना तांदूळ उरला होता तो एकट्या देवापाशी. देवाला ताप नव्हता, त्याला घाईही नव्हती.

मंडळीचे मुख्य थोरले भाऊ. सगळं गाव त्यांना भाऊच म्हणे. पळी त्यांच्या हातात, त्यांच्याआधी त्यांच्या बापाच्या हातात. माणूस वाईट नव्हता, एवढंच की नियमाशिवाय त्यांना शिंकही येत नसे. लोकांनी गळ घातली तेव्हा त्यांनी हंडा चढवला, हे त्यांचं मोठेपण मी कबूल करतो. ऐन साथीत, जत्रा नसताना भंडारा! पातळ पेज, वर मीठ, तापातल्या माणसाला दुसरं काय जातंय? पण भंडाऱ्याची रीत अशी की पंगत बसायची देवळाच्या आवारात. हंड्यातलं अन्न आवाराबाहेर जात नाही. पंगत भरली, भैरोबाच्या नावानं चांगभलं झालं, की भाऊंनी पहिली पळी घालायची.

पेज तयार झाली. पत्रावळी मांडल्या. भाऊ पळी घेऊन उभे राहिले.

कोण येणार? जे उठू शकत होते ते हंड्याला जाळ घालायला आलेच होते, आणि बाकीचं गाव अंथरुणात. भाऊ पळी धरून उभे ते उभेच. पेजेवर साय धरली, साय सुकली. संध्याकाळी ती पेज गुरांपुढं ओतली. गुरांना ताप नव्हता आणि त्यांना आवाराचा नियमही लागू नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा हंडा चढला, पुन्हा पत्रावळी मांडल्या. भाऊ म्हणाले, "आज येतील. काल ठावं नसंल."

मला हसू आलं असतं, पण माझं ध्यान ओढ्यापलीकडं होतं.

माझी थोरली बहीण, आक्का, ओढ्यापलीकडच्या वाडीत दिलेली. आईनं मला जन्म दिला, पण कडेवर वाढवलं आक्कानं. तिचा नवरा मुंबईला गिरणीत, तिकडंच अडकलेला. घरात म्हातारा सासरा, ती आणि तिचं तान्हं पोर. ओढ्यापलीकडून एक धनगर ओरडून सांगून गेला की घरात चूल पेटलेली दिसत नाही. मी धावत गेलो. सासरा दारात घोंगडीवर तापानं फणफणलेला, आक्का आत भिंतीला टेकलेली, आणि पोर तिच्या मांडीवर. दूध आटलं होतं. पोरगं रडणंसुद्धा विसरलं होतं, नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं. घरातल्या शेवटच्या नाचणीची भाकरी मी नेली होती, ती तिच्या घशाखाली उतरेना. पाण्यात कुस्करून दिली तर उलटून पडली.

ती म्हणाली, "पेज आसती तर गेली आसती रं."

मी तसाच देवळात आलो. म्हटलं, "भाऊ, एक तांब्याभर पेज द्या. आक्काला पोचवतो."

भाऊंनी हंड्याकडं पाहिलं, देवाकडं पाहिलं आणि म्हणाले, "आवाराभायेर जात न्हाई. तुला दिली तर उद्या समदं गाव तांब्या घिऊन येईल."

"समदं गाव उठून आलं तर चांगलंच हाय की!"

"आन् वाडी तर न्हाईच," ते म्हणाले.

हे वाडीचं प्रकरण असं. मागं एका भंडाऱ्यात वाडीच्या लोकांना दुसऱ्या पंगतीला बसवलं. त्यांचं म्हणणं, पहिल्या पंगतीचा मान आमचा, कारण हंड्याचं तांबं आमच्या पूर्वजांनी आणलं. गावाचं म्हणणं, आणलं असेल, पण आमच्या बैलगाडीतून. आक्काचा सासरा पत्रावळ उलटी करून उठला, त्याच्यामागं सगळी वाडी उठली, आणि तेव्हापासून वाडी गावच्या अन्नाला शिवली नाही आणि पालखी वाडीला गेली नाही. आक्काचं लग्न त्याच्या आधीचं, म्हणून ती तिकडं आणि आम्ही इकडं.

वाडीचं निदान नाव तरी निघालं. गावकुसाबाहेरच्या वस्तीचं नाव त्या आवारात कुणी काढलंही नाही. ताप मात्र तिथं न विचारता गेला होता.

तर तो तांब्या रिकामा घेऊन मी देवळाच्या पायरीवर बसलो. समोर पालखी ठेवलेली. आणि मला सुचलं. ही अक्कल माझी, कुणी कितीही काही सांगो. जत्रेत पालखी घरोघर फिरते तेव्हा देवाचा प्रसाद पालखीबरोबर आवाराबाहेर जातोच की! अन्नाला बाहेर जायला बंदी आहे, देवाला कुठं आहे? देव निघाला तर पेज त्याच्यासोबत निघेल.

मी ते भाऊंना सांगितलं. भाऊ म्हणाले, "आरं, पालखी काय पान्याची कावड हाय का? दुसरी शिकल्याली मानसं आमाला शिकवनार!" बाकीचेही हसले, खोकत खोकत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी सगळ्यांना जमवलं. चेहरा गंभीर. म्हणाले, "सपनात देव आला व्हता. म्हनला, म्या फिरतो, माज्यासंगं पेज फिरू द्या."

मी विचारलं, "देव दुसरी शिकलाय का, भाऊ?"

पण मी जास्त ताणलं नाही. देवाच्या तोंडून का होईना, माझं वाक्य मंजूर झालं होतं.

देवाचा मुखवटा पालखीत ठेवला. दांड्याला मागं-पुढं दोन घागरी टांगल्या, गरम पेजेनं काठोकाठ. पुढचे भोई आमच्या भावकीचे, तो मान पिढ्यांचा. म्हणजे पुढं मी आणि माझा चुलतभाऊ. मागं दोघं तापातून नुकते उठलेले, त्यांचे पाय काड्यांसारखे झालेले. सगळ्यांच्या मागं भाऊ, एका हातात चवरी, दुसऱ्यात पळी. पालखी हलली की पेज सांडायची, ती आधी देवाच्या अंगावर. प्रथम नैवेद्य आपोआप होत होता.

आता पालखीच्या दोन रीती सांगतो. एक, उचललेली पालखी मागं फिरवायची नाही. फिरवली तर गावावर अरिष्ट, असं लहान पोरही सांगेल. दोन, पालखी ज्याच्या दारात टेकली त्या घरचा कर्ता 'निघा देवा' म्हणेपर्यंत ती उचलायची नाही.

देवळापासून थोड्या अंतरावर चिंचेपाशी वाट फुटते. उजवी वेशीतून गावात, डावी खाली ओढ्याकडं, वाडीला. पालखी उजवीकडं वळते. माझ्या खांद्याला ते इतकं माहीत होतं की झोपेतही वळला असता. पण त्या दिवशी खांद्याला मी डावीकडं ओढलं.

चुलतभाऊ पुटपुटला, "आरं, आरं!"

मी म्हटलं, "गप चल. तुजी बी बहीनच हाय ती."

तो गप चालला. पालखी चार पावलं उतारावर गेली तेव्हा मागून भाऊंची आरोळी आली, "कुटं निगालास? उजवीकडं! उजवीकडं!"

"भाऊ, पालखी वळली. आता काय करू?"

"मागं घे!"

"तुमी म्हना देवाच्या फुडं उभं ऱ्हाऊन, मोठ्यानं म्हना, पालखी मागं फिरवा. म्या लगीच फिरवतो."

चवरी थांबली. मागच्या दोघांतला एक कळवळून म्हणाला, "काय ठरवायचं ते लवकर ठरवा, भाऊ, माजा खांदा चाललाय!"

साऱ्या गावावर मानमोडी, आणि त्यात पालखी मागं फिरवली हा शिक्का भाऊंना कपाळावर नको होता. चवरी पुन्हा हलायला लागली, जरा जोरात. अशी आमची संस्था बदलली. ओढ्याला पाणी घोट्याएवढं होतं, देव कोरडा गेला.

आक्काच्या अंगणात पालखी टेकवली तेव्हा म्हातारा सासरा दारात, उंबऱ्याला आडवा होऊन, घोंगडी पांघरून पडलेला. त्यानं एक डोळा उघडला.

"कोन हाय?"

"आबा, देव आलाय," मी म्हटलं.

"वाट चुकला काय?"

"पेज आनलीया. उठा, घ्या."

म्हातारा कोपरावर उठला. मान टिकत नव्हती, ती त्यानं हातानं धरली. आधी पालखी बघितली, मग घागरी, मग भाऊ. तापात माणूस पोराबाळांना ओळखत नाही, पण भाऊंना त्यानं बरोबर ओळखलं.

"ह्यो पळी घिऊन आलाय व्हय? मंग मला न्हाई जायची. दुसऱ्या पंगतीची पेज कडू लागती."

मी आत डोकावून म्हटलं, "आक्का, तू तरी घे."

आक्काच्या ओठांना साली सुटल्या होत्या. ती म्हणाली, "आबांनी घेतल्याबिगर म्या कशी घेऊ?" आणि पदर सारखा केला. मरायला टेकलेली बाई, पण रीत सोडीना. पोर तिच्या मांडीवर तोंड उघडत होतं, मिटत होतं. गावाला रीत, वाडीला रीत, घरात रीत. मला वाटलं, दोन्ही घागरी या सगळ्यांच्या डोक्यावर ओताव्यात.

भाऊ म्हणाले, "न्हाई घेत तर ऱ्हायलं. उचला रं."

म्हातारा हसला. हसताना खोकला, खोकून पुन्हा हसला. "उचला की! म्या 'निगा देवा' म्हनल्यालं ऐकलं का कुनी?"

कुणीच ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्याला ताप असो वा नसो, देव त्याच्या अंगणात अडकला होता, भाऊ देवाबरोबर अडकले होते, आणि गावाची पेज भाऊंबरोबर. तो पुन्हा उंबऱ्यावर आडवा झाला आणि घोंगडी डोक्यावरून घेतली.

मग मी अशी गंमत पाहिली की तशी नाटकातही नसेल. ज्या भाऊंनी मला तांब्याभर पेज दिली नाही, ते अंगणात उकिडवे बसले आणि घोंगडीला विनवू लागले.

"आबा, घ्या की वाईच. निवतीय पेज."

घोंगडीतून आवाज, "निवू दे."

"गावात मानसं उपाशी हायती, आबा."

"आमी कुटं जेवलोय?"

"नरडं तरी वलं करा. बघा, मऊ झालीया. मीठ बी हाय."

तेव्हा घोंगडी बाजूला झाली आणि म्हाताऱ्यानं मला विचारलं, भाऊंना नाही, "खरं सांग. हितं यायच्या आदी कुनाच्या दारी टेकली पालखी?"

मी म्हटलं, "कुनाच्याच न्हाई, आबा. चिंचेपासनं सरळ हितं. घागरी बघा, काठाला हायत्या."

म्हाताऱ्यानं हाताच्या आधारानं मान उचलून घागरीत वाकून पाहिलं. पेज काठाला होती. त्याचे डोळे असे चमकले की मला वाटलं याचा ताप उतरला.

"मंजी ही पयली पंगत."

भाऊंचा चेहरा तांब्याच्या हंड्यासारखा झाला, आतून-बाहेरून. "आबा, पंगत आन् ही..."

"म्हन मोठ्यानं. देवाफुडं म्हन. पयली पंगत वाडीची."

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी ओढ्याकडं पाहत होतो. तिथं बगळे होते.

आत पोरगं पहिल्यांदा कण्हलं. रडणं नव्हे, मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी. ते ऐकून असेल, गावाची आठवण होऊन असेल, नाहीतर गुडघे दुखले असतील, भाऊ उठले आणि म्हणाले, "पयली पंगत वाडीची."

"ऐकू न्हाई आलं. कान गेल्यात तापानं."

"पयली पंगत वाडीची!" भाऊ ओरडले. मागच्या भोयांनी काही न कळून "चांगभलं" केलं.

म्हाताऱ्यानं पत्रावळ नाही, आपली पितळी मागवली. भाऊंनी स्वतःच्या हातानं पहिली पळी घातली. म्हातारा एक घोट प्यायला, जीभ फिरवली, आणि म्हणाला, "मीठ कमी हाय. आता सुनंला वाढ."

मी पितळी भाऊंच्या हातून घेतली आणि आत गेलो. आक्काला भिंतीला नीट टेकवून बसवलं. पहिला घोट तिच्या ओठांतून खाली ओघळला. दुसरा राहिला. तिसऱ्याला तिनं स्वतः पितळीला हात लावला. पेजेचं वरचं पाणी बोट बुडवून तिनं पोराच्या ओठाला लावलं, तर त्या पोरानं ते बोट असं धरून ठेवलं की सोडवेना. आक्का मला म्हणाली, "ह्यो बी वाडीचाच हाय, सोडायचा न्हाई." मी तिथंच हसलो आणि डोळे धोतरानं पुसले. धूर नव्हता, तरी पुसले.

बाहेर वाडीतल्या बाकीच्या घरांतही पळी फिरली. मग म्हातारा थोरल्या सरदारासारखा म्हणाला, "निगा देवा. जा, दुसरी पंगत खोळंबली आसंल."

त्या दिवशी गावानं, पाटलापासून पुजाऱ्यापर्यंत, दुसऱ्या पंगतीची पेज प्यायली. कुणाला कडू लागल्याचं ऐकलं नाही.

पुढं पालखी रोज निघायची. चिंचेपाशी आली की भाऊ मागून ओरडायचे, "उजवीकडं!" आणि मग जरा थांबून, हळू, "आदी डावीकडं." गावकुसाबाहेरच्या वस्तीला पेज शिवेच्या दगडावर ठेवून आम्ही बाजूला व्हायचो, ते येऊन न्यायचे. पालखी त्या दगडापुढं गेली नाही. त्यालाही भाऊ शेवटपर्यंत सेवाच म्हणत राहिले, आणि पालखीचा पुढचा दांडा माझ्याच खांद्यावर होता.

आक्काचा सासरा त्या दुखण्यातून उठला नाही. पण गेला तो पहिल्या पंगतीचा होऊन गेला. साथ सरल्यावर भाऊंनी गाव बोलावून ठरवलं की तापात झालेलं बोलणं धरायचं नाही, वाडी दुसऱ्याच पंगतीची. मी उठून म्हटलं, "भाऊ, ताप आबांना व्हता, तुमाला कुटं व्हता?" बैठक तिथंच मोडली. त्यानंतरच्या चैत्रात, जत्रेच्या भंडाऱ्याला, वाडीची माणसं येऊन सरळ पहिल्या ओळीत बसली, आणि भाऊंनी डोळे मिटून वाढलं. उघड्या डोळ्यांनी त्यांच्यानं झालं नसतं.

आक्का पुढं बरीच वर्षं जगली, सुनांना छळण्याइतकी. आणि ते बोट धरणारं पोरगं, माझा भाचा, आता चाळिशीला आलाय. वाडीच्या आणि गावाच्या अशा कितीतरी मंडळ्यांचा तो पुढारी आहे. परवाच्या सभेत तो पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला होता, कोटाला फूल लावून. मला दुसऱ्या रांगेत बसवलेलं. उपरणंवाले संस्था बदलल्याचं सांगत असताना त्यानं मागं वळून पाहिलं आणि खुर्चीवरून अर्धवट उठला.

"मामा, हितं या फुडं. तुमी मागं का?"

मी म्हटलं, "बस तू. तुजी पयलीच हाय."